रस्ता अडविणारे, रस्त्यांत अडकलेले आणि मधला शिपाई

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. तास संपत आला असतां दहावीच्या वर्गांतील एका विद्यार्थिनीनें मला प्रश्न केला. लंडनच्या नॅशनल गॅलरींत १४ ऑक्टोबर २०२२ रोजीं दोन तरुण मुलींनीं व्हॅन गॉग ह्या चित्रकाराच्या 'सूर्यफुलें' ह्या जगप्रसिद्ध चित्रावर टोमॅटोच्या साराचे डबे रिकामे केले, त्याचें चलच्चित्र तिनें घरीं पाहिलें होतें. "सर, चित्रावर कांच होती, चित्राला कांहींच झालें नाहीं, मग त्यांना तुरुंग कां?" तिचें वाक्य पुरें होतें न होतें तोंच मागल्या बांकावरून आवाज आला, "आणखी द्यावयास हवा होता!" वर्गाचे तत्काळ दोन पक्ष झाले. घंटा झाली म्हणून मी सुटलों. प्रश्न मात्र सुटला नाहीं. त्या दिवशीं देतां न आलेलें उत्तर ह्या अंकांत देण्याचा प्रयत्न करीत आहें. पालकमंडळींनींही तें वाचावें अशी इच्छा आहे, कारण घरोघरीं जेवतांना असेच दोन पक्ष पडत असतील.

त्या मुली वेड्या नव्हत्या, आणि चित्रकलेच्या वैरिणीही नव्हत्या. दगडी कोळसा, खनिज तेल व वायु हीं जाळल्यामुळें पृथ्वी तापत आहे, हें आपण भूगोलाच्या पुस्तकांत शिकतों. यंत्रयुगापूर्वीच्या मानानें १.५ अंश सेल्सिअसची जी मर्यादा राष्ट्रांनीं २०१५ सालीं पॅरिस येथें डोळ्यांपुढें ठेविली, ती २०२४ ह्या एका वर्षाच्या सरासरीनें ओलांडली. खुद्द इंग्लंडांत, जेथें उन्हाळा हा सुखाचा विषय समजला जातो, १९ जुलै २०२२ रोजीं पारा ४०.३ अंशांवर गेला. शास्त्रज्ञ सांगतात, सरकारें ऐकतात, पण जागचीं हलत नाहींत, अशी ज्यांची खात्री झाली त्यांपैकीं कांहीं जणांनीं ठरविलें कीं, लोकांची वाट अडविल्याखेरीज आतां कोणी लक्ष देणार नाहीं. आपणां महाराष्ट्रीयांस हा उपाय नवा नव्हे. १९८० सालीं चाकण येथें कांदा पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनीं पुणें-नाशिक रस्ता अडविला होता, आणि 'रास्ता रोको' हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत घरचाच आहे. फरक एवढाच कीं, कांद्याचें गाऱ्हाणें अडलेल्या वाटसरूलाही चटकन् समजतें. हवेचें गाऱ्हाणें त्यास आपलें वाटत नाहीं.

ब्रिटनमधील ह्या चळवळीचा आरंभ ३१ ऑक्टोबर २०१८ रोजीं झाला. त्या दिवशीं पार्लमेंटसमोरील चौकांत 'एक्स्टिंक्शन रिबेलियन', म्हणजे विनाशाविरुद्ध बंड, ह्या संघटनेनें आपला जाहीरनामा वाचला. नोव्हेंबरांत तिनें थेम्स नदीवरील पांच पूल अडविले. एप्रिल २०१९ मध्यें ऑक्सफर्ड सर्कस ह्या गजबजलेल्या चौकांत एक गुलाबी होडी आणून उभी केली, वॉटर्लू पुलावर झाडांच्या कुंड्या मांडल्या, आणि दहा-अकरा दिवस राजधानीची वाहतूक विस्कळित केली. पोलिसांनीं अकराशेंहून अधिक लोकांस पकडलें. पकडण्याची रीत पाहण्यासारखी होती. निदर्शक अंग सैल सोडून देई, आणि चार-पांच शिपाई त्यास हातापायांना धरून अलगद उचलून गाडींत नेऊन ठेवीत. लोक कुरकुरले, कांहीं रागावले, पण पुष्कळांनीं थांबून छायाचित्रेंही काढलीं. १ मे रोजीं ब्रिटिश लोकसभेनें हवामानाची आणीबाणी उद्भवल्याचा ठराव संमत केला.

ह्या सौम्यपणाच्या मुळाशीं त्या देशांतील एक अलिखित करार आहे. २००६ सालीं लॉर्ड हॉफमन ह्या न्यायमूर्तींनीं युद्धविरोधी निदर्शकांच्या एका खटल्यांत तो स्पष्ट शब्दांत मांडला. त्याचा आशय असा: सदसद्विवेकबुद्धीला स्मरून कायदा मोडणाऱ्यानें प्रमाण सोडूं नये, फाजील नुकसान करूं नये, आणि होईल ती शिक्षा पत्करावी, उलटपक्षीं पोलिसांनीं व सरकारी वकिलांनीं संयम राखावा, आणि न्यायाधीशानें शिक्षा ठरवितांना आरोपीचा हेतु विचारांत घ्यावा. आपल्या वाचकांस हें वाचून १९२२ सालचा अहमदाबादचा खटला आठवेल. गांधीजींनीं स्वतःच जास्तींत जास्त शिक्षा मागितली, आणि न्यायाधीश ब्रूमफील्ड ह्यांनीं सहा वर्षांची शिक्षा देतांना, सरकारला ती कमी करणें शक्य झालें तर आपणांस सर्वांत अधिक आनंद होईल, अशा अर्थाचे उद्गार काढले. दोन्ही पक्षांनीं आपापली बाजू सोडली नाहीं आणि आपापली मर्यादाही सोडली नाहीं. पुढील सर्व हकीकत ही असा करार कोणी कोठें मोडला ह्याचीच हकीकत आहे.

पहिली चूक माझ्या मतें निदर्शकांकडून झाली. १७ ऑक्टोबर २०१९ रोजीं सकाळीं, कामावर जाणाऱ्यांच्या ऐन गर्दींत, पूर्व लंडनमधील कॅनिंग टाउन स्थानकांत दोन निदर्शक भुयारी रेल्वेच्या गाडीच्या टपावर चढले व त्यांनीं फलक उभारला. कॅनिंग टाउन ही श्रीमंतांची वसाहत नव्हे. त्या गाडीनें जाणारे पुष्कळ लोक हातावर पोट असलेले, घटका भर उशीर झाला तर मजुरी बुडणारे. शिवाय ती गाडी विजेवर चालणारी. मोटारींचा धूर कमी व्हावा म्हणून लोकांनीं जिचा उपयोग करावा असें हेच निदर्शक सांगत, तीच त्यांनीं अडविली! फलाटावरून आरडाओरडा झाला, खाण्यापिण्याच्या वस्तू फेंकल्या गेल्या. एक उतारू वर चढूं लागला, तेव्हां टपावरील निदर्शकानें त्याला लाथ मारली. आणि मग लोकांनीं त्या निदर्शकास पाय धरून खालीं ओढलें. तो गर्दींत पडला, आणि कांहीं जणांनीं त्यास लाथा घातल्या. त्याच गर्दींतील दुसरे कांहीं जण व रेल्वेचे नोकर मध्यें पडले म्हणून तो बचावला. संघटनेच्या स्वतःच्या पुष्कळ सभासदांचाही ह्या बेतास आधीपासून विरोध होता, हें नमूद केलें पाहिजे.

हें चलच्चित्र जगभर पसरलें, आणि 'लोकांचें मत' म्हणजे काय ह्याचा निकाल लागला असें पुष्कळांस वाटलें. परंतु त्याच सकाळीं, तेथून जवळच शॅडवेल येथें, तिघांनीं दुसरी एक आगगाडी अडविली होती. त्यांपैकीं दोघे धर्मोपदेशक होते व तिसरे गृहस्थ ऐशी वर्षांवरचे होते. त्यांनीं भुयारांतील स्थानक टाळून उघड्यावरचें निवडलें, म्हणजे कोणी कोंडून राहूं नये; फलाटावर आपलीं माणसें उभीं केलीं, म्हणजे दंगा होऊं नये. त्यांचा खटला जानेवारी २०२२ मध्यें ज्यूरीपुढें चालला. ज्यूरी म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेले बारा सामान्य नागरिक: कोणी दुकानदार, कोणी परिचारिका, कोणी मोटारचालक. त्या बाराहि जणांनीं एकमतानें तिघांस निर्दोषी ठरविलें.

वाचकहो, येथें क्षणभर थांबा. फलाटावर लाथ मारणारा आणि न्यायालयांत निर्दोषी म्हणणारा, हे दोघे एकाच शहराचे, एकाच थराचे लोक आहेत. कदाचित् एकच माणूसही दोन्ही ठिकाणीं असूं शकला असता. फलाटावर त्याच्या हातांत घड्याळ होतें आणि डोळ्यांपुढें मालकाचा चेहरा. न्यायालयांत त्याला स्वस्थ बसवून, दोन्ही बाजू ऐकवून, निर्णय मागितला गेला. मग लोकमत कोणतें खरें मानावयाचें? मला वाटतें, दोन्ही खरीं आहेत. आणि शिपायाला व कायदा करणाराला दोहोंचाही मान राखावा लागतो. अडकलेल्या माणसाचा राग हा कांहीं अज्ञानाचा राग नव्हे. ऑक्टोबर २०२१ मध्यें लंडनच्या एका रस्त्यावर 'इन्सुलेट ब्रिटन' ह्या दुसऱ्या संघटनेचे लोक बसले असतां एक स्त्री रडत विनवीत होती कीं, माझ्या आईला रुग्णवाहिकेंतून नेत आहेत, मला तिच्या मागें जाऊं द्या. घरांच्या भिंती व छपरें थंडीपासून सुरक्षित करून इंधन वांचवावें, ही त्या निदर्शकांची मागणी अगदीं वाजवी होती. पण त्या घटकेला त्या बाईंपुढें ती मागणी कोणीं कोणत्या तोंडानें मांडावी?

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. त्याच ऑक्टोबर २०१९ मध्यें लंडनच्या पोलिसांनीं एक हुकूम काढला: ह्या संघटनेचीं निदर्शनें शहरांत सर्वत्र बंद. आपल्याकडील जमावबंदीसारखाच हा प्रकार. १९८६ च्या कायद्याच्या १४ व्या कलमान्वयें पोलीस अधिकाऱ्यास एखाद्या सभेची जागा, मुदत व संख्या ठरवून देतां येते. परंतु ६ नोव्हेंबर रोजीं हायकोर्टानें तो हुकूम बेकायदेशीर ठरविला. एका ठिकाणची एक सभा म्हणजे सभा. साऱ्या शहरभर, निरनिराळ्या दिवशीं होणाऱ्या निदर्शनांस मिळून एक सभा म्हणतां येणार नाहीं, असें न्यायाधीशांचें म्हणणें पडलें. पुढें जून २०२१ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, रस्ता अडविणें हा प्रत्येक वेळीं गुन्हाच होतो असें नाहीं. किती वेळ अडविला, किती लोकांस त्रास झाला, दुसरी वाट मोकळी होती कीं नाहीं, हेतु काय होता, हें सर्व तोलून पाहावें. मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. चौकांत उभ्या असलेल्या शिपायाच्या हातीं तो एक तराजू देतो.

दुर्दैवानें तो तराजू फार दिवस राहिला नाहीं. निदर्शक राजरस्ते अडवूं लागले. हाताला गोंद लावून डांबरी रस्त्याला चिकटून बसावें, म्हणजे शिपायांना द्रावण घालून एकेक बोट सोडवावें लागे. लोखंडी नळ्यांत हात अडकवून घ्यावेत, म्हणजे कापणारीं यंत्रें आणावीं लागत. कित्येक मोटारचालक खालीं उतरून त्यांना स्वतःच फरफटत बाजूला करीत. नोव्हेंबर २०२२ मध्यें 'जस्ट स्टॉप ऑइल' ह्या संघटनेचे ४५ जण चार दिवसांत लंडनभोंवतालच्या वर्तुळाकार राजरस्त्यावरील कमानींवर चढले. सरकारपक्षाच्या हिशेबानें त्यामुळें व्यापाराचें निदान ७ लक्ष ६५ हजार पौंडांचें नुकसान झालें, आणि पोलिसांस ११ लक्ष पौंडांहून अधिक खर्च आला. वाहतुकीच्या खोळंब्यांत मोटारसायकलवरील एक पोलीस जखमी झाला, हेंही विसरतां येत नाहीं.

सरकारनें ह्यावर जें उत्तर दिलें तें तराजूचें नव्हे, हातोड्याचें होतें. २०२२ च्या कायद्यानें सार्वजनिक उपद्रवाच्या गुन्ह्यास दहा वर्षांपर्यंत कैद ठेविली. २ मे २०२३ रोजीं दुसरा कायदा मंजूर झाला. त्यानें स्वतःस एखाद्या वस्तूला जखडून घेणें हा निराळाच गुन्हा केला. जूनमध्यें मंत्र्यांनीं आणखी एक नियम केला. पोलिसांनीं 'गंभीर अडथळा' झाल्यासच मध्यें पडावें असें जें पूर्वीं होतें, त्यांतील 'गंभीर' ह्या शब्दाची व्याख्याच त्यांनीं 'क्षुल्लकाहून अधिक' अशी करून टाकली! ज्यांना व्याकरणाची थोडी तरी गोडी आहे, त्यांना ह्या व्याख्येची गंमत वाटेल. मे २०२४ मध्यें हायकोर्टानें हा नियम बेकायदेशीर ठरविला, आणि मे २०२५ मध्यें अपील कोर्टानेंही तसाच निकाल दिला. शब्द हे रबरासारखे वाटेल तितके ताणतां येत नाहींत, असा त्याचा मथितार्थ.

शिक्षाही वाढल्या. जुलै २०२४ मध्यें त्या राजरस्त्याच्या खटल्यांत पांच जणांस शिक्षा झाली. चळवळीचे एक संस्थापक रॉजर हॅलम ह्यांस पांच वर्षें, इतर चौघांस चार चार वर्षें. त्यांचा अपराध कमानीवर चढण्याचा नव्हता. संगणकावरील एका बैठकींत भाग घेऊन चढणारे स्वयंसेवक मिळविण्याचा कट केला, हा होता. संयुक्त राष्ट्रांचे पर्यावरण-रक्षकांविषयींचे प्रतिनिधि मिशेल फॉर्स्ट ह्यांनीं खटल्यावर जाहीर टीका केली. मार्च २०२५ मध्यें अपील कोर्टानें ह्या पांचांच्या शिक्षा कमी केल्या: हॅलम ह्यांची चार वर्षें, दोघांची तीन, आणि दोघांची अडीच. सदसद्विवेकबुद्धीचा हेतु विचारांत घेतलाच पाहिजे, हें जुनें तत्त्व तेवढ्यापुरतें पुन्हा मानलें गेलें. चित्रावर सार फेंकणाऱ्या मुलींस सप्टेंबर २०२४ मध्यें एकीस दोन वर्षें व दुसरीस वीस महिने शिक्षा झाली होती. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचें कायद्यांतील उत्तर हें: शिक्षा चित्राच्या नुकसानीबद्दल नव्हती, साराचे ओघळ गेल्यानें जुनी किंमती चौकट खराब झाली, सुमारें दहा हजार पौंडांची हानि झाली, आणि सार कांचेआड झिरपलें असतें तर चित्रही गेलें असतें, असें न्यायाधीशांचें म्हणणें होतें. तें ऐकूनही ही शिक्षा मला जड वाटते, हें मी लपवीत नाहीं. दंड, भरपाई, कांहीं दिवसांची कैद समजूं शकेल. दोन वर्षें ही संतापाच्या मापानें मोजलेली शिक्षा आहे, आणि तो संताप फलाटावरचा आहे.

त्याच नॅशनल गॅलरींत १० मार्च १९१४ रोजीं स्त्रियांच्या मताधिकारासाठीं झगडणाऱ्या मेरी रिचर्डसन ह्यांनीं व्हेलास्केझच्या व्हीनसच्या चित्रावर कोयत्यानें खरेखुरे घाव घातले होते. त्यांस सहा महिन्यांची शिक्षा झाली. लोक तेव्हांही खवळले होते. शांततेच्या मार्गानें जाणाऱ्या मताधिकारवादी स्त्रियाही असल्या कृत्यांवर नाराज होत्या. पुढें १९१८ मध्यें कांहीं स्त्रियांस व १९२८ मध्यें सर्व प्रौढ स्त्रियांस मत मिळालें. त्या उग्र पक्षाच्या पुढारी एमेलिन पँकहर्स्ट ह्यांचा पुतळा १९३० सालीं पार्लमेंटच्या शेजारींच उभारला गेला, आणि त्या समारंभांत बँड वाजविला तो लंडनच्या पोलिसांनीं! घावांमुळें मत लवकर मिळालें कीं उशिरा, ह्यावर इतिहासकारांचा वाद अजून चालूच आहे. तेव्हां आजच्या निदर्शकांचेही उद्यां पुतळे होतील, असें कोणी ह्यावरून समजूं नये. पुतळा होण्याऐवजीं विसरले गेलेले पुष्कळ आहेत.

ह्या उपायानें काम साधतें कीं बिघडतें? मतचाचण्यांत बहुसंख्य ब्रिटिश लोकांनीं ह्या संघटनांविषयीं नापसंतीच दाखविली. आणि त्याच लोकांपैकीं बहुसंख्यांनीं हवामानाविषयीं काळजीही दाखविली. म्हणजे राग माणसांवर आला, तो विषयावर आला नाहीं. २०२४ सालीं एका शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत तर असें दिसलें कीं, त्या राजरस्त्याच्या प्रकरणानंतर 'फ्रेंड्स ऑफ दि अर्थ' ह्या जुन्या, मवाळ संस्थेस असलेला पाठिंबा किंचित् वाढला. जहालांमुळें मवाळांचें वजन वाढतें, हा अनुभव टिळक-गोखल्यांच्या महाराष्ट्रास तरी अपरिचित नसावा. मार्च २०२५ मध्यें 'जस्ट स्टॉप ऑइल' संघटनेनें रस्त्यावरील कृत्यें थांबवीत असल्याचें जाहीर केलें. तेलाचे नवे परवाने देऊं नयेत ही आपली मागणी सरकारचें धोरण झाली, असें कारण तिनें दिलें. तुरुंगाची भीति हेंही एक कारण असावें, असा माझा तर्क आहे.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. ऑगस्ट १६७० मध्यें लंडनच्या ग्रेसचर्च रस्त्यावर विल्यम पेन व विल्यम मीड हे दोघे क्वेकर पंथाचे गृहस्थ पकडले गेले. त्यांचें प्रार्थनामंदिर शिपायांनीं बंद केल्यामुळें पेन ह्यांनीं रस्त्यांतच प्रवचन केलें आणि गर्दी जमली. आरोप बेकायदेशीर जमावाचा. ज्यूरी त्यांस दोषी म्हणेना. तेव्हां न्यायाधीशांनीं ज्यूरीसच दोन रात्रीं अन्नाशिवाय कोंडून ठेविलें, दंड केला, आणि दंड न भरणाऱ्या बुशेल ह्यास तुरुंगांत टाकलें. अखेर वरिष्ठ न्यायाधीशांनीं ठरविलें कीं, आपल्या बुद्धीस पटेल तो निर्णय दिल्याबद्दल ज्यूरीस शिक्षा करतां येत नाहीं. ह्याची स्मारकशिला लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयांत आहे. मुंबई हायकोर्टांत लोकमान्यांच्या शब्दांची शिळा ज्यांनीं पाहिली असेल, त्यांच्या मनांत दोन्ही शिळा शेजारीं उभ्या राहतील. तेथील ज्यूरीचा निर्णय १९०८ सालीं सात विरुद्ध दोन मतांनीं टिळकांविरुद्ध गेला होता.

मार्च २०२३ मध्यें लंडनच्या एका न्यायालयाबाहेर एक निवृत्त समाजसेविका हातांत पाटी धरून निमूटपणें उभी राहिली. आंत हवामानाच्या निदर्शकांचा खटला चालू होता, आणि त्या न्यायालयांत हवामानाविषयीं ज्यूरीपुढें बोलल्याबद्दल कांहीं आरोपींस तुरुंगांत जावें लागलें होतें. पाटीवर एवढेंच लिहिलें होतें कीं, आपल्या सदसद्विवेकबुद्धीप्रमाणें आरोपीस मुक्त करण्याचा ज्यूरीस पूर्ण अधिकार आहे. म्हणजे ओल्ड बेलीच्या शिळेचाच आशय. सरकारनें तिच्यावर न्यायालयाच्या अवमानाचा खटला भरूं पाहिला. एप्रिल २०२४ मध्यें हायकोर्टानें परवानगी नाकारली, आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें नव्या सरकारनें अपीलही मागें घेतलें.

दहावीचा तो वर्ग आतां शाळा सोडून गेला आहे. मागल्या बांकावरील विद्यार्थ्यास हा लेख वाचून कांहीं म्हणावयाचें असेल, तर त्यानें तें पुढील अंकाकरितां लिहून धाडावें.